वाऱ्यावर गेलेलं जळण

दोन हजार सहा सालच्या मे महिन्यातला पहिला सोमवार. हातखंब्याच्या तिठ्यापासून कोसभर आत, कातळावर आंब्याचा रस डब्यांत भरायचं एक कॅनिंग होतं. तिथे सकाळी आठ वाजता चाळीसएक बायका आणि दहा-बारा पुरुष आवारात उभे होते. आत क्रेटांमधून आंबा पिकून घमघमत होता आणि पिकलेल्या आंब्याला थांबायला सवड नसते. पण धाकल्या मालकांनी सगळ्यांना बोलावलं होतं, म्हणून सुऱ्या अजून कुणाच्या हातात आल्या नव्हत्या.

धाकले मालक म्हणजे उन्मेष. पुण्याला शिकून गेल्याच वर्षी घरच्या धंद्यात आलेला, बोलायला मऊ, कामाला वाघ. त्याने भिंतीवर एक मोठा छापील कागद चिकटवला होता. त्यावर पिवळा बल्ब काढलेला, खाली ठळक अक्षरं, वीज वाचवा, आणि त्याखाली बारीक अक्षरांत नियम.

"दिवसाला आठ तास लाईट जाते," तो म्हणाला. "तेवढा वेळ जनरेटर चालतो. असं चाललं तर हे कॅनिंग टिकायचं नाही. तेव्हा आजपासून बचत. कटिंगच्या शेडमधल्या सहा पंख्यांपैकी चार बंद. ट्यूबा अर्ध्या. आणि ही पेटी. कुणाला काही सुचलं तर चिठ्ठीवर लिहून टाका. चांगल्या सूचनेला बक्षीस."

मग त्याने सगळ्यांना हात पुढे करायला लावून शपथ दिली. मी वीज वाया घालवणार नाही. चाळीस बायकांनी हात पुढे केले. जनीनेही केला. तिच्या घरात दोन बल्ब होते आणि संध्याकाळी सहाला गेलेले ते नवाशिवाय परतत नसत. वाया घालवायला वीज असती, तर तिने शपथ जरा मनापासून घेतली असती.

जनी आग्रे चौदा हंगाम या कॅनिंगवर कटिंगला येत होती. तिचा नवरा धोंडू इथेच बॉयलरवर लाकडं घालायचा. दोघांचं मिळून दीड महिन्याचं काम. त्यावर पुढे गणपतीपर्यंतचं घर चाले.

कटिंगची शेड पत्र्याची. दहा वाजले की पत्रे तापत, आणि मग वरून नुसती ऊब गळे. लांब स्टीलच्या टेबलांच्या दोन्ही अंगांना बायका उभ्या. आंबा उचलायचा, देठाची चकती उडवायची, डाग कोरायचा, साल सोलायची, गर ट्रेमध्ये, बाठा खाली पिंपात. चिकाने बोटांच्या बेचक्या उतून सोललेल्या असत. त्यात घाम उतरला की मिरची भरल्यागत आग होई. चालू राहिलेले दोन पंखे कुठले, तर एक वजनकाट्यावरचा आणि एक मुकादमाच्या टेबलावरचा.

मुकादम हरिश्चंद्र जनीच्याच वाडीतला. वाडीत भेटला की तो तिला वयनी म्हणायचा. कॅनिंगचं गेट ओलांडलं की तीच वयनी "ए जनी" व्हायची.

"डोक्याला फडकी बांधा गो," तो टेबलांमधून फिरत म्हणाला. "घामाचा थेंब ट्रेत पडता नये. कुनाचा पडला तर ट्रेचं पैसं तिच्या नावावर."

अकराच्या सुमाराला जनीच्या शेजारी उभ्या मालनचं बोट कापलं. वरची ट्यूब काढलेली. सुरीच्या पात्यावर नुसती सावली होती. रक्ताचा एक ठिपका गरात पडला आणि पुरा ट्रे खड्ड्यात ओतावा लागला. हरिश्चंद्रने वहीत मालनचं नाव लिहिलं. मालन तोंडात बोट धरून उभी राहिली. तिचं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. सासरी काय सांगायचं, हेच तिच्या डोळ्यांत.

दुपारी दोनला जनी पाणी प्यायला निघाली. पिण्याचं पिंप मालकांच्या केबिनीच्या पलीकडे. केबिनीच्या खिडकीत एसीचं यंत्र घरघरत होतं आणि त्यातून पाणी टपटप डब्यात गळत होतं. दार अर्धवट उघडं. आतून गार वारा तिच्या घोट्यांना लागला आणि ती आपसूक थांबली. आत कुणी नव्हतं. धाकले मालक सकाळीच रत्नागिरीला गेले होते. रिकामी खुर्ची आणि कागदांवर ठेवलेला काचेचा गोळा, एवढ्यांसाठी ते यंत्र तासन्‌तास गारवा ओतत होतं.

जनी दोन श्वास तिथे उभी राहिली. मग आत गेली. बोटं रसाने चिकट होती, म्हणून कोपराने बटण दाबलं. यंत्र कण्हत बंद झालं. तिने पाणी प्यायलं आणि जागेवर येऊन सुरी उचलली.

चार वाजता उन्मेष परत आला आणि पाचव्या मिनिटाला शेडमध्ये.

"केबिनमधला एसी कुणी बंद केला?"

"मी," जनी म्हणाली.

"का?"

"तुमी लिवलंत म्हनून." तिने सुरीच्या टोकाने बाहेरच्या भिंतीवरचा कागद दाखवला. ती चौथीपर्यंत शिकली होती आणि वाचताना एकेक अक्षर ठाकूनठोकून वाचायची. "रिकाम्या खोलीतील दिवे, पंखे व यंत्रे बंद करा. खोली रिकामी व्हती."

बायकांनी पदर तोंडाला लावले. उन्मेषच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "पण तिथे काँप्युटर आहे. त्याला गारवा लागतो."

"आन आमाला?"

"ए जनी!" हरिश्चंद्र ओरडला. "हात चालव!"

ही गोष्ट बॉयलरवर पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी बावेवर, म्हणजे वाडीच्या विहिरीवर, धोंडूने तिला गाठलं. नळाचा पंप लाईटीवर, लाईट गेलेली, म्हणून अख्खी वाडी बावेवर लोटली होती. जनी दोर ओढत होती. धोंडू हातातली कळशी खाली ठेवून हलक्या आवाजात म्हणाला, "तुला नसती उठाठेव कोनी सांगितली? मला यंदा कायम करनार हायत. बारा म्हयने काम. ठाव हाय ना?"

"ठाव हाय."

"मग?"

"मग काय? आमी तितं शिजायचं, आन खुर्चीला गार वारा?"

धोंडूने तिच्या हातातला दोर घेतला आणि ओढायला लागला. त्याच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत केस राहिले नव्हते. बॉयलरच्या तोंडाशी बारा हंगाम काढल्यावर ते पुन्हा यायचे बंद झाले होते. हंडा भरून झाला तसा तो आपल्याशीच बोलल्यागत म्हणाला, "बचत करायची तर त्या पाइपाची करावी. बॉयलरपास्नं शिजवायच्या हॉलपर्यंत ऐंशी फूट पाइप. उघडा, नागडा. वाफ पोचेपर्यंत निम्मी मरते. मदला वाल, वाफंची चावी, तीन वर्सं फुसफुसतोय. आन हॉलातनं परत येतं ते कढत पानी गटारात. मी थंड पानी घेतो आन परत तापवतो. निम्मी लाकडं, जने, मी वाऱ्याला तापवायला घालतो."

"हे सांगितलंत कुनाला?"

"तीन येळा. हरिश्चंद्र म्हनतो, तू आग घाल, डोकं घालू नको."

"पेटीत टाका."

"मी? अंगठेवाला?"

जनीने हंडा डोक्यावर चढवला. घरी येऊन तिने लेकीच्या वहीतलं पान फाडलं आणि उजेड होता तोवर ओट्यावर बसून लिहिलं. बॉयलरचा पाइप उघडा आहे त्याला काही गुंडाळावे. वाल गळतो तो बदलावा. गरम पाणी गटारात जाते ते परत बॉयलरला द्यावे. पंखे बंद करून वाचते त्याच्यापेक्षा पुष्कळ वाचेल. खाली नाव लिहिताना धोंडूने तिचा हात धरला. "माजं नको घालूस." तिने त्याच्याकडे पाहिलं आणि लिहिलं: जनी धोंडू आग्रे, कटिंग.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी पेटीत पडली. मंगळवार गेला, बुधवार गेला. पेटीला कुलूप तसंच, पंखे तसेच.

गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला तुळसा पडली. साठीची बाई, हंगामात सगळ्यांच्या आधी येणारी. हातातला आंबा तसाच धरून ती पुढे झुकली, तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं आणि ती खाली बसली, मग आडवी झाली. ओठ फाटला. जनीने आणि मालनने तिला ओढत दाराशी, जराशा वाऱ्याला आणलं. पायांचे तळवे गार पडले होते आणि कपाळ तापलेल्या पत्र्यासारखं.

हरिश्चंद्र वरून बघत म्हणाला, "उपाशी येतात आन पडतात. बाकीच्या जागेवर जावा. रस काढायचा पल्पर रिकामा फिरतोय."

जनीने तुळसाच्या तोंडावर पाणी मारलं, तिने डोळे उघडेपर्यंत थांबली. मग नळावर हात धुतले, पदराला कोरडे केले आणि चालत बोर्डाशी गेली. सहा बटणं होती. बंद असलेली चार तिने एकेक करून खाली केली. सहाही पंखे फिरायला लागले. डोक्यावरची फडकी हलली, कुणाच्या तरी तोंडून "आई गो" निघालं.

हरिश्चंद्रने येऊन चार बंद केली. जनीने चार चालू केली. त्याने पुन्हा बंद केली. तिने पुन्हा हात घातला तसं त्याने तिचं मनगट धरलं.

"हात सोड, हरिश्चंद्र," ती म्हणाली. "वाडीत जायचंय तुला संध्याकाळी."

त्याने हात सोडला. तोवर उन्मेष दारात आला होता.

"काय चाललंय?"

"बचत," जनी म्हणाली. "वीज वाचली. बाई ती बगा, पडलीय."

उन्मेषने तुळसाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "तिला गाडीतून डॉक्टरकडे न्या," तो म्हणाला. पण चाळीस बायका बघत होत्या, मुकादम बघत होता, आणि बटणांवर अजून जनीचा हात होता. "पण हे बरोबर नाही. उद्या प्रत्येकजण उठून बोर्डाला हात लावेल. नियम सगळ्यांना सारखा."

"सारखा असता तर मी बोलले नसते."

"तुम्ही उद्यापासून येऊ नका," उन्मेष म्हणाला.

चौदा हंगामांत मालकांच्या घरातल्या कुणी तिला अहो-जाहो केलं नव्हतं. केलं ते काढून टाकताना. जनीने एप्रन सोडला, घडी घातली, टेबलावर ठेवला. बायका माना खाली घालून आंबे कापत होत्या. मालनसुद्धा. चार पंखे हळूहळू थांबले.

गेटाकडे जाताना वाटेत बॉयलरची शेड. धोंडू भट्टीचं दार उघडून उभा होता, हातात ओंडका. त्याने सगळं ऐकलं असावं. त्याने तिच्याकडे पाहिलं, ओंडका आत टाकला आणि दार लावलं. कामावरून काढल्यापेक्षा जनीला तेच जास्त लागलं.

संध्याकाळी त्याने ताटातली भाकरी नुसती चिवडली. जनी म्हणाली, "तुमी सकाळी जावा. माज्यापायी आग सोडू नका. मी पन येनार हाय."

"तुला काढलंय."

"कामावरनं काढलंय. रस्त्यावरनं नाय."

शुक्रवारी सकाळी आठला ती कॅनिंगच्या गेटासमोर, रस्त्याच्या कडेला, जांभ्या दगडाच्या एका चिऱ्यावर बसली. उन्मेषची गाडी आली आणि थांबली.

"काय पाहिजे तुम्हाला?"

"पेटी उघडा. माजी चिठ्ठी हाय आत. ती सगळ्यांसमोर वाचा. मग मी जातंय."

"पेटी महिनाअखेरीला उघडायचीय."

"मग मी म्हयनाअखेरपर्यंत बसतंय."

ती बसली. नऊला चिरा तापला, दहाला खालचा कातळ. आंब्याचे टेम्पो धुरळा उडवत तिच्या अंगावरून आत जात. दुपारी तिने पदरातली भाकर आणि जवळ्याची चटणी खाल्ली. वॉचमनने गुपचूप पाण्याचा तांब्या आणून दिला आणि इकडेतिकडे बघून परत नेला. पाचला बायका सुटल्या. तिच्यासमोरून जाताना पावलं उचलून, पलीकडच्या कडेने गेल्या. शनिवारी तेच. फक्त दहाच्या सुमाराला तुळसा आली, सुजलेला ओठ घेऊन. ती दुसऱ्या चिऱ्यावर बसली.

"तुला कशाला गो उन्हाचं?" जनी म्हणाली.

"आत तरी कुटं सावली व्हती," तुळसा म्हणाली.

रविवारी, हंगाम म्हणून, काम चालूच होतं. त्या दिवशी लाकडाचा ट्रक आला नाही. तो कुठल्यातरी नाक्यावर परवान्यापायी अडकला होता. बॉयलरची शेड गेटाच्या आत लगेचच. जनीला सगळं दिसत होतं. भिंतीशी लावलेली लाकडाची रास दुपारपर्यंत कमरेइतकी उरली. मग आतून हाका सुरू झाल्या. कढयांना उकळी येईना, डबे शिजवायच्या टाकीचा काटा वर चढेना. भरलेले डबे तसेच राहिले तर रात्रीत फुगतात. उन्मेष धावत बॉयलरवर आला, मागे हरिश्चंद्र.

"धोंडू, वाफ का नाही?"

धोंडू कमरेवर हात ठेवून उभा राहिला. जनीने त्याला मालकांसमोर असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"वाफ हाय, मालक. तितं पोचत नाय."

त्याने बादलीतून एक मग पाणी घेतलं आणि भिंतीलगतच्या पाइपावर मारलं. छस्स करून पाणी उडालं, पांढरा लोट वर गेला. तो चार पावलं पुढे गेला, पुन्हा मारलं. पुन्हा लोट. आणखी चार पावलं, पुन्हा. ऐंशी फूट तो असा पाणी मारत गेला आणि उन्मेष त्याच्यामागून बघत गेला. गळक्या वालाशी धोंडू थांबला. तिथे पाणी मारायची गरजच नव्हती.

"ही तुमची लाकडं," तो म्हणाला. "वाऱ्यावर चाल्लीत."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तीन येळा सांगितलं. ह्यांना इचारा." हरिश्चंद्र जमिनीकडे बघत होता. "चौथ्या येळी लिवून दिलंय. तुमच्या पेटीत हाय. गोष्ट माजी, अक्षर बायकोचं. नाव घालायला मी भ्यालो, म्हनून तिनं आपलं घातलं. ती बगा बाहेर बसलीय." त्याने हातातला मग बादलीत टाकला. "आता तिला आत बोलवा. नायतर ही आग दुसऱ्या कुनाकडनं घालून घ्या."

आणि तो एका ओंडक्यावर बसला. कायम व्हायची आस धरून बारा हंगाम राबलेला माणूस, उरलेल्या लाकडाच्या राशीकडे पाठ करून बसला. गेटाबाहेर जनीने तुळसाचा गुडघा घट्ट धरला.

मग उन्मेषने खिशातून पेटीची किल्ली काढली आणि वॉचमनला म्हणाला, "गेट उघड."

पेटी आवारात आणली. तीन चिठ्ठ्या निघाल्या. एकीत चार वाजताचा चहा जरा लालसर द्यावा अशी मागणी होती, दुसरीत हरिश्चंद्रबद्दल, चारचौघांत वाचता येणार नाही असं काही. तिसरी उन्मेषने उभ्यानेच वाचली, मग पहिल्यापासून पुन्हा, मोठ्याने. "पंखे बंद करून वाचते त्याच्यापेक्षा पुष्कळ वाचेल" इथे आवाज जरा अडला, पण त्याने वाचलं.

धोंडू उठून भट्टीकडे गेला होता. उरलेलं लाकूड हॉलातल्या एकाच टाकीपुरतं जपून घालत त्याने संध्याकाळपर्यंत तो दिवस ओढला. सहाला ट्रक आला. उन्मेषने कोल्हापूरला फोन लावला. वाल दोन दिवसांत मिळणार होता. पाइपाला गुंडाळायचा माल यायला दहा दिवस.

"धा दिवस कशाला?" जनी म्हणाली. "चिकन माती हाय, गिरनीत तूस हाय, काथ्या हाय. आमी घराच्या भिती लिपतो, त्यांना ऊन लागत नाय. तशी पाइपाची ऊब बाहेर जायची नाय."

उन्मेषने पाइपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "शेण नाही घालायचं," तो म्हणाला. "खाण्याचा माल आहे."

"नाय घालत. पन आदी पंखे. सहाच्या सहा. आन ट्यूबा. तुळसा आन मी कामावर, मालनचं वहीतलं नाव खोडायचं. मग मातीला हात."

"लिपून तर दाखवा. झालं की पंख्यांचं बघू."

"मग धा दिवस थांबा," जनी म्हणाली आणि पदर खोचून गेटाकडे वळली.

"थांबा." उन्मेष स्वतः शेडमध्ये गेला. आतून एकामागून एक बटणांचा आवाज आला.

सोमवारी पहाट फुटताना दहा-बारा बायका आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. बाहेरच्या अंगाला खड्डा करून माती भिजवली, तूस टाकलं. मालन परकरासारखी साडी खोचून माती तुडवायला उतरली. बराच वेळ ती खाली बघूनच तुडवत राहिली. मग म्हणाली, "त्या दिशी माज्यानं मान वर झाली नाय गो, जनीकाकी."

"माती मळ," जनी म्हणाली. "गुठळी ठेवू नको."

पहिला थर गळून पडला. मग धोंडूने पाइपाला काथ्याचे वेढे दिले आणि त्यावर बायकांनी हाताने चोपून लेप चढवला, चार बोटं जाड. भट्टी हळू पेटवली. माती वाफाळली, सुकली, तडकली. तडा दिसला की तिथे पुन्हा हात फिरला. पाइप गरम, हात भाजत होते, पण कुणी घाई केली नाही. नवापर्यंत भिंतीलगत एक लालसर, जाडजूड सापासारखं काहीतरी पडून होतं. उन्मेषने त्यावर तळहात ठेवला. ठेवून दिला. काढला नाही.

बुधवारी वाल बसला. हॉलातलं कढत पाणी पत्र्याच्या पन्हळीतून बॉयलरच्या टाकीत यायला लागलं. दुपारी चारला संपायची ती रास दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा शिल्लक होती. गुरुवारी दुपारी पाणी प्यायला जाताना जनीने धोंडूला भिंतीला टेकून, मान खाली टाकून बसलेला पाहिला आणि ती धावतच त्याच्याकडे गेली. तो घोरत होता. बारा हंगामांत पहिल्यांदा त्याला दुपारी पंधरा मिनिटं बसायला मिळालं होतं.

केबिनीतला एसी काही गेला नाही. पण उन्मेष बाहेर पडताना तो बंद करून जाई. एकदा विसरला तर गेटापासून गाडी मागे आणली, हे बायकांनी पाहिलं आणि टेबलाटेबलावर सांगितलं.

हंगामाच्या शेवटी रत्नागिरीहून कुणी पाहुणे पाइप बघायला आले. उन्मेषने त्यांना इंग्रजीत सांगितलं, बोट दाखवून जनीचं आणि धोंडूचं नाव घेतलं. फोटो काढला तेव्हा हरिश्चंद्र पुढे उभा होता आणि कटिंगच्या बायका कामावर होत्या. धोंडू मात्र कायम झाला.

पुढल्या वर्षी एप्रिलच्या वीस तारखेला बायकांना न्यायला टेम्पो वाडीच्या फाट्यावर आला. हरिश्चंद्र पुढे बसलेला, हातात यादी. एकेक नाव वाचायचं, बाई चढायची. यादी संपली. जनी डबा घेऊन उभीच होती.

"तुजं नाव नाय, वयनी," तो यादीत बघत म्हणाला.

"मालकांनी गाळलं?"

"मालक कामात हायत. यादी मी करतो. धोंडू हाय की कायम. एका घरातनं किती जनांनी यावं?"

जनीने यादी मागितली. त्याने दिली नाही. टेम्पोत बावीस बायका बसल्या होत्या आणि इंजिन धडधडत होतं. गेल्या वर्षीसारखंच सगळ्या खाली बघणार, असं जनीला वाटलं. तिने डबा या हातातून त्या हातात घेतला. चालत जायचं तर दीड तास. जाणार तर होतीच.

मग मालन उठली. तिला आता तीन महिन्यांची मुलगी होती. मुलीला घेऊन सासू फाट्यावर उभी होती. मालन मागच्या फळीवरून खाली उतरली आणि जनीच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या मागून तुळसा, गुडघा धरत. मग एक, आणखी एक. टेम्पो हलका होत गेला तसा वर उचलला गेला.

"हे काय गो?" हरिश्चंद्र म्हणाला. "आंबा पिकलाय तितं! रिकामा टेम्पो नेऊ काय?"

"रिकामा नेलात तर डिझेल फुकट जाईल," तुळसा म्हणाली. "बचत कराया पायजे, मुकादम."

बावीस बायका हसल्या. पदर न लावता, मोकळ्या तोंडाने. ड्रायव्हरही हसला. जनी त्याच्या खिडकीशी गेली.

"इंजिन बंद कर रे. उभ्या गाडीला कशाला जाळतोस?"

ड्रायव्हरने हरिश्चंद्रकडे पाहिलं, मग फाट्यावर उभ्या बायकांकडे. त्याने किल्ली फिरवली. धडधड थांबली आणि बाजूच्या काजूवर पाखरं ओरडत होती ती ऐकू यायला लागली. बायका कडेच्या दगडी गडग्यावर सावलीला बसल्या. कुणीतरी सुपारी काढली. हरिश्चंद्रने घड्याळ पाहिलं, रस्ता पाहिला, पुन्हा घड्याळ पाहिलं. ऊन टेम्पोच्या टपावरून उतरून त्याच्या मांडीवर आलं.

"चढा सगळ्या," शेवटी तो म्हणाला. "जनीवयनी, तू पन."

एकही बाई उठली नाही.

"आदी नाव लिव," जनी म्हणाली.

त्याने कानावरचं पेन काढलं आणि मांडीवर यादी ठेवून लिहिलं. जनी जवळ गेली, वाकून एकेक अक्षर ठाकूनठोकून वाचलं आणि मगच गाडीकडे वळली.